थोरल्याची जमीन

आपल्याकडे बाप गेला की सातबाऱ्यावर सगळ्या भावंडांची नावं चढतात आणि दोन पिढ्यांत शेताचे तुकडे होतात. इंग्लंडच्या उमरावांनी ही वेळ स्वतःवर येऊ दिली नाही. जमीन, वाडा, किताब, सगळं थोरल्याचं. त्यांची सत्ता समजून घ्यायची तर राजघराण्याच्या गोष्टींपेक्षा ही न झालेली वाटणी बघावी.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि जुन्या मालकांच्या जमिनी काढून आपल्या सरदारांना दिल्या. १०८६ च्या डूम्सडे बुकात नांगर, गिरण्या, कुळं यांची गाववार मोजदाद झाली, तेव्हा बड्या जमीनदारांत इंग्रज नावं जवळपास उरलीच नव्हती. पुढे सतराव्या शतकात वकिलांनी आणखी पक्कं कुलूप घातलं. दस्तच असा करायचा की वारस फक्त हयातीपुरता धनी. विकायचं म्हटलं तरी विकता येऊ नये. जुगारात हरलेला लॉर्डसुद्धा इस्टेट घालवू शकत नसे, तो यामुळेच.

जमिनीमागोमाग संसद आलीच. लॉर्ड्सच्या सभागृहात स्वतः बसायचं आणि कॉमन्स या निवडून येणाऱ्या सभागृहात आपली माणसं धाडायची. ओल्ड सॅरम ही ओसाड टेकडी १८३२ पर्यंत दोन खासदार निवडून देत होती. याच संसदेने गायरानं कुंपणात घालण्याचे कायदे केले. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्यांखाली गेली. ज्याची एक गाय गायरानावर चरायची, तो मजूर झाला.

कुंपणं तर घातली, पण वाड्याच्या खिडकीतून ती दिसायला नकोत! म्हणून हिरवळीच्या कडेला चर खणून आतल्या बाजूने भिंत बांधत. गुरं पलीकडेच अडायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, क्षितिजापर्यंत सगळं एकसलग. ‘हा-हा’ म्हणतात त्याला. इंग्लिश निसर्गसौंदर्य म्हणून आपण जे बघतो, त्यातलं बरंचसं असं मुद्दाम घडवलेलं आहे.

धाकट्यांनी सैन्य, चर्च किंवा हिंदुस्थान धरावा. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली आयर्लंडमधल्या अशाच एका अर्लचा धाकटा मुलगा. घरचा किताब मिळाला थोरल्या रिचर्डला, आणि तो त्या वेळी इथे गव्हर्नर जनरल होता.

उतरण धान्यापासून लागली. १८७० च्या दशकाअखेर अमेरिकेचा स्वस्त गहू आला, भाव पडले, खंड घटला. १८९४ मध्ये मृत्युकर, म्हणजे मालक मेल्यावर इस्टेटीवर लागणारा कर, आला. १९०९ चं बजेट लॉर्ड्सनी फेटाळलं आणि १९११ च्या कायद्याने त्यांचा नकाराधिकार गेला. १९९९ मध्ये ९२ सोडून बाकी वंशपरंपरागत सभासद घरी गेले.

खरा घाव मात्र मृत्युकराचाच. डेव्हनशायरच्या दहाव्या ड्यूकने इस्टेट आधीच मुलासाठी केली होती. त्यानंतर पाच वर्षं जगला असता तर कर लागला नसता. १९५० मध्ये, मुदतीला काही आठवडे उरले असताना तो गेला. कर ऐंशी टक्के. घराण्याचा हार्डविक हॉल हा वाडा त्यात सरकारला द्यावा लागला. त्यांचा चॅट्सवर्थचा मुख्य वाडा पुढे ट्रस्टकडे गेला. ड्यूकचं घराणं अजून तिथेच राहतं, ट्रस्टला भाडं भरून.