कॅन्डिडवाला आणि स्टेजवाला: दोघांची कामं वेगळी का

तिथी निघाली की फोन सुरू होतात. "भाऊ, कॅन्डिड करता का तुम्ही?" मी उलट विचारतो, कॅन्डिड म्हणजे नेमकं काय पाहिजे? मग कुणी म्हणतं, ते मागचं धूसर दिसतं ना, ते. कुणी म्हणतं, नवरी हसत असते ते. एखादे आबा सरळ सांगतात, "ते महागवालं." प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं खरं असतं, पण मुख्य फरक कुणीच सांगत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, ट्रॅडिशनल आणि कॅन्डिडची गल्लत बुकिंग करताना होते आणि कळते मात्र अल्बम हातात आल्यावर.

स्टेजवरचा ट्रॅडिशनल फोटोग्राफर माणसांना सांगतो. ताई, पुढे या. आबा, टोपी सरळ करा. सगळ्यांनी इकडे बघा. कॅन्डिडवाला कुणालाच काही सांगत नाही, जे चाललंय ते टिपतो. कॅमेरा दोघांचा एकाच कंपनीचा असू शकतो, किंमतही तीच असू शकते. बाजारात आणखी एक प्रकार कॅन्डिडच्या नावाने खपतो. "कॅमेऱ्याकडे बघू नका, एकमेकांकडे बघून हसा," असं सांगून काढलेला फोटो. तो पोजच आहे, फक्त नजर दुसरीकडे आहे. लळिंगच्या किल्ल्यावर किंवा तोरणमाळच्या तलावाकाठी होणारं प्री-वेडिंग सगळं याच जातीचं. त्यात वाईट काही नाही, मीही करतो. पण त्याला कॅन्डिड म्हणून वेगळा दर लावणं मला पटत नाही.

स्टेजवर उभं करून फोटो काढायची पद्धत पडली ती फिल्मच्या रोलच्या हिशेबातून. एका रोलमध्ये 36 फोटो. एक बिघडला की रोलचे, धुवायचे आणि प्रिंटचे असे तिन्ही पैसे पाण्यात. मग फोटोग्राफर सगळ्यांना उभं करणार, डोळे उघडे आहेत ना बघणार आणि मगच बटण दाबणार. नकळत फोटो काढणारे तेव्हाही होते. 1920 च्या दशकात जर्मनीत एरिक सॉलोमन एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा घेऊन कोर्टात आणि मुत्सद्द्यांच्या बैठकांत कुणाच्या लक्षात न येता फोटो काढत असे. पण ते वर्तमानपत्रांचं काम. आपल्याकडच्या लग्नात ते परवडायला डिजिटल यावं लागलं. फोटो वाया गेला तरी खर्च नाही म्हटल्यावर माणूस कोपऱ्यात उभा राहून वाट बघू शकतो.

म्हणून ट्रॅडिशनल जुनाट झालं, असं हल्लीची मुलं समजतात. खानदेशातल्या लग्नात तरी ते खरं नाही. आपल्याकडे स्टेज म्हणजे मानपानाचा दरबार. मुहूर्त टळत असतो आणि माइकवर नावं पुकारली जात असतात: अमुक गावचे माजी सरपंच, तमुक सोसायटीचे चेअरमन, मग टोपी, टॉवेल, नारळ. त्यातला एक सत्कार सुटला तर तो वर्षभर ऐकावा लागतो, फोटोग्राफरला नव्हे, नवरीच्या बापाला. मग मामाकडचे, आत्याकडचे, भाऊबंद, गावाकडून टेम्पोत बसून आलेली मंडळी. "दादा, आमना बी एक फोटो काढ ना," असं म्हणत आजी वर चढते, तेव्हा तिला कुणीतरी खुर्ची द्यावी लागते, पदर नीट करायला वेळ द्यावा लागतो. हे काम नीट करणारा माणूस नाती ओळखतो, कोण कुणाशेजारी उभं राहणार नाही हेही ओळखतो. आणि घरोघरी भिंतीवर हार घातलेले फोटो बघा. त्यातले कितीतरी कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठे केलेले असतात. त्या माणसाचा तेवढाच एक स्पष्ट, समोरून घेतलेला फोटो असतो.

आता लेन्सचं गणित, थोडक्यात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर 85 एमएमची लेन्स एफ 1.8 ला उघडली (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं) आणि चेहरा दोन मीटरवर असला, तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा भाग स्वच्छ येतो. डोळे लख्ख, कान मऊ, मागचा मांडव विरघळलेला. एका चेहऱ्याला हे फार छान दिसतं. तेच सेटिंग ठेवून तीन रांगांचा ग्रुप काढला, तर पहिली रांग येते आणि मागचे काका धुक्यात जातात. याउलट 35 एमएमची लेन्स एफ 8 ला ठेवून चार मीटरवर फोकस केला, की सव्वादोन मीटरपासून थेट मागच्या पडद्यापर्यंत सगळं स्पष्ट. मात्र एफ 8 ला उजेड पुष्कळ कमी आत येतो, म्हणून स्टेजवाल्याला फ्लॅश लागतो. आणि फ्लॅश चमकला की आजूबाजूची माणसं सावध होतात, मग कॅन्डिड संपलं. दोन्ही कामं एकाच माणसाने एकाच वेळी का करू नयेत, याचं निम्मं कारण इथे आहे.

उरलेलं निम्मं अंतरपाटापाशी दिसतं. शेवटचं "सावधान" होतं, अंतरपाट सरकतो, अक्षता उडतात, बँड वाजतो आणि त्याच क्षणी मोबाइल घेतलेली भावकी स्टेजवर धावते. स्टेजवाल्याला तेव्हा समोर, मधोमध असावंच लागतं. हार घालतानाचा फोटो चुकला तर दुसरी संधी नाही. (पुन्हा घालायला लावतात म्हणा, पण दुसऱ्यांदा घातलेला हार फोटोत ओळखू येतो.) कॅन्डिडवाल्याचं गिऱ्हाईक त्या वेळी भलतीकडेच असतं. काही घरांत मुहूर्ताच्या वेळी मुलीची आई मांडवात थांबत नाही, मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत असते. कार्यालयाच्या मागच्या दारी, प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस, हातात तांब्या, कान आत लागलेले. तिथे तिच्यासोबत एखादी जाऊ असते, बाकी कुणी नाही. हा फोटो घ्यायचा तर कॅन्डिडवाल्याने अंतरपाट सोडून द्यायला हवा, आणि ते तो तेव्हाच करू शकतो जेव्हा समोर दुसरा माणूस उभा आहे.

कॅन्डिडचं खरं रान मात्र हळदीचा दिवस. गर्दी घरचीच असते, घाई नसते, बायका गाणी म्हणत असतात, कुणी पिवळ्या हातांनी नवरदेवाच्या मागे लागलेलं असतं. पंगतीतही फार मिळतं. तुपात बट्टी चुरणारे हात, वांग्याच्या भाजीची बादली घेऊन पळणारा चुलतभाऊ. खर्चाला मर्यादा असेल तर मी लोकांना सांगतो, लग्नाच्या दिवशी ट्रॅडिशनल चांगला घ्या आणि कॅन्डिडवाल्याला फक्त हळदीला बोलवा. दोघांनाही दोन्ही दिवस बांधलंच पाहिजे असं नाही. एकाच माणसाचे पैसे असतील तर ट्रॅडिशनलच घ्या, माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या भाचरांचे मोबाइल थोडंफार कॅन्डिड करून देतील, स्टेजवरचे चारशे लोक कुणी भाचा सांभाळणार नाही.

निवड करताना बहुतेक जण इन्स्टा बघून ठरवतात. तिथे पन्नास लग्नांतले पन्नास फोटो असतात. मागा एकाच लग्नाचे सगळे फोटो, आणि तेही आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारच्या मुहूर्ताचे. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात सूर्य अगदी डोक्यावर येतो, उन्हात उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. मांडवात यावं तर लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेला उजेड सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं करतो. पांढरी टोपी बघा, पांढरी दिसते की केशरी, त्यावरून काम कळतं. स्टेजवाला फ्लॅशने हा रंग बराचसा मारतो. कॅन्डिडवाल्याला फ्लॅशविना काम करायचं, म्हणून त्याला रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेला कच्चा फोटो घेऊन नंतर एकेक फोटो निस्तरावा लागतो. काही जण यावर उपाय म्हणून सगळे फोटो काळे-पांढरे करून देतात. एखाददुसरा तसा चांगला वाटतो. निम्मा अल्बम तसा असला तर कारण विचारा.

अल्बम बघताना ट्रॅडिशनलमध्ये मागच्या रांगेतले चेहरे बघा, पुढचे नव्हे. कॅन्डिडमध्ये म्हातारी माणसं किती आहेत ते बघा. सगळ्या फोटोंत फक्त नवरी आणि तिच्या मैत्रिणी असतील, तर त्या माणसाने मांडवात फारसं फिरून बघितलेलं नाही.

दाट तिथीला आणखी एक प्रश्न विचारायचाच: तुम्ही स्वतः येणार का? एकाच दिवशी अमळनेर, शहादा आणि भुसावळ अशी तीन कामं घेतली जातात आणि दोन ठिकाणी रोजावरची मुलं जातात. मुलं वाईट असतात असं नाही, पण तुम्ही ज्याचे फोटो बघून पैसे दिले तो माणूस वेगळा असतो. त्याचं नाव लिहून घ्या. "कॅन्डिड + ट्रॅडिशनल" असं पॅकेज असेल, तर माणसं किती, हेही लिहून घ्या. एकच माणूस दोन कॅमेरे गळ्यात अडकवून आला, तर ते दोन फोटोग्राफर होत नाहीत. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांवर एकदम फोटो उतरतात का, तेही विचारा. 44-45 अंशांत दिवसभर चाललेल्या कामात एक कार्ड दगा देऊ शकतं.

आणि फोटो कुणाचे? इथेही गोंधळ आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले हक्क काढून घेणाऱ्याचे, उलट करार झालेला नसेल तर. म्हणजे ट्रॅडिशनल असो की कॅन्डिड, कागदावर वेगळं काही नसलं तर मालक तुम्ही. कॅन्डिडवाल्यांना फोटो इन्स्टावर टाकायचे असतात, त्यावरच पुढची कामं मिळतात, म्हणून त्यांच्या छापील फॉर्ममध्ये उलट ओळ असण्याची शक्यता जास्त. सही करण्याआधी ती शोधा. हळदीचे फोटो टाकायचे नाहीत, लग्नाचे चालतील, असं पेनाने लिहून दोघांनी सही केली तरी चालतं.