लिपेडिमात छातीभर पाणी काय करतं

‘भात सोडा, जिने चढा’ हा सल्ला ऐकून ऐकून कंटाळलेल्या बायकांपैकी काहींना नुसता लठ्ठपणा नसतो, लिपेडिमा असतो, म्हणजे पायांत दुखरी चरबी साठण्याचा आजार. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलंय. आजार जवळजवळ फक्त बायकांनाच होतो. दोन्ही पाय सारखेच जाड होतात, पण पावलं सडपातळच राहतात. पैंजण बसतं तिथे चरबी एकदम थांबते. दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळंनिळं होतं. खाणं कमी केलं की गाल बसतात, कंबर उतरते, पाय मात्र फारसे हलत नाहीत.

विदर्भात अशा पायांना ‘हत्तीपाय’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, कारण डासांमुळे पसरणारा हत्तीरोग तिथे खरोखरच आहे. पण त्यात जंत लसिकावाहिन्या (अंगातला झिरपलेला द्रव परत नेणाऱ्या नळ्या) निकामी करतात, बहुधा एक पाय जास्त सुजतो आणि पाऊलही सुजतं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट धरून पाहा: मुरलेल्या हत्तीरोगात ती धरता येत नाही, लिपेडिमात सहज येते.

सुरुवात बहुधा वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना होते. आधी कातडी गुळगुळीत, आत साबुदाण्याएवढ्या गाठी, मग खळगे, शेवटी गुडघ्या-मांड्यांवर लोंबत्या वळ्या. प्रत्येकीचा आजार शेवटापर्यंत जातोच असं नाही. जर्मन तज्ज्ञांची २०२४ची मार्गदर्शिका तर सांगते, की टप्प्यावरून दुखण्याचा अंदाज बांधू नका. पहिल्या टप्प्यातली बाईही वेदनेने हैराण असू शकते.

आता पाण्याकडे येऊ. आपण स्थिर उभे असतो तेव्हा हृदयापासून घोट्यापर्यंत, म्हणजे सुमारे सव्वा मीटर, रक्ताचा स्तंभ उभा असतो. त्याच्या भाराने घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याचे सुमारे ९० मिलिमीटर दाब असतो आणि केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपत राहतो. चालू लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, दाब तिशीच्या आसपास उतरतो. आता छातीभर पाण्यात उतरा. एक मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे ७४ मिलिमीटर, म्हणजे घोट्याशी बाहेरूनही नव्वदीच्या जवळपास! वर यावं तसा आतला दाब कमी होतो आणि बाहेरचाही, त्याच प्रमाणात. औषधी दाबमोजेही घोट्याशी घट्ट आणि वर सैल असतात ते याच हिशेबाने, पण मधल्या श्रेणीच्या मोज्याचा दाब साधारण २३ ते ३२ मिलिमीटरच. त्यात पाण्यात चालताना पोटरीही कामाला लागते आणि गुडघ्यांवर भार येत नाही.

चरबी मात्र पाण्याने किंवा मोज्याने वितळत नाही. कमी होतो तो जडपणा आणि ठणका. वजन आटोक्यात ठेवायचं तेही आजारावर लठ्ठपणाची भर नको म्हणून. चरबी काढायची तर लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. जर्मनीत २०२० पासून तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना ते काही अटींवर सरकारी आरोग्यविम्यातून मिळू लागलं. ‘महिन्यात मांड्या बारीक’ करणारी मलमं ही निव्वळ लूट आहे, आणि घोट्याला आवळलेला मंतरलेला दोरा दुखऱ्या पायाला काचतो, बाकी काही करत नाही.

मोजे मापाचे घ्यावेत आणि सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवावेत. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या असतील तर ते धोक्याचे ठरतात, म्हणून आधी डॉक्टरांकडून पावलाची नाडी तपासून घ्यावी.