ओटीपी बघायला गेलं आणि फॉर्म गायब

मागच्या महिन्यात आई मोबाइलवर नातीच्या शिबिराचा फॉर्म भरत होती. लिंक एका अ‍ॅपवर आलेली. नाव, पत्ता, शाळा, सगळं चष्मा सावरत टाइप केलं. ओटीपी आला म्हणून मेसेज बघायला गेली आणि परतली, तर फॉर्म नाहीच. समोर त्या अ‍ॅपचे व्हिडिओ चालू. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं," ती म्हणाली. आईची यात काडीचीही चूक नव्हती.

बरीच अ‍ॅप्स लिंक आपल्या नेहमीच्या ब्राउझरकडे न देता स्वतःच्याच पोटात उघडतात. अँड्रॉइडवर त्यासाठी वेबव्ह्यू, म्हणजे अ‍ॅपच्या आतच वेबपान दाखवणारा भाग, असतो. पान दाखवणारं इंजिन क्रोमचंच, पण बाकीची गाडी अ‍ॅप बनवणाऱ्याने बांधायची. फोटो जोडणं, फाइल डाउनलोड करणं, बॅक दाबल्यावर मागचं पान दाखवायचं की सगळंच बंद करायचं, यातलं जे लिहायचं राहिलं ते चालत नाही. मग 'फाइल निवडा'वर कितीही टिचक्या मारा, ढिम्म. यूपीआयची लिंक पेमेंट अ‍ॅपकडे सोपवायची सोय केलेली नसेल, तर पैसे भरायच्या ऐन वेळी एररचं पान येतं. आईच्या बाबतीत बहुधा मेमरी कमी पडली: आपण दुसरीकडे गेलो की फोन मागचं अ‍ॅप बंद करू शकतो, आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. भरलेली अक्षरं कोणी जपून ठेवलेली नसतात.

कुकीज, म्हणजे आपलं लॉगइन लक्षात ठेवणाऱ्या साइटच्या छोट्या नोंदी, त्याही इथे क्रोमपेक्षा वेगळ्या. म्हणून क्रोममध्ये लॉगइन असूनही इथे पुन्हा पासवर्ड विचारतात, आणि मला खरी काळजी तिथे वाटते. वेबव्ह्यूतल्या पानात अ‍ॅपला स्वतःचा कोड घालता येतो, म्हणजे आपण काय टाइप करतो तेही वाचता येणं शक्य असतं. फेलिक्स क्राउझे या सुरक्षा-संशोधकाने २०२२मध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुक आयफोनवर परक्या पानांत असा कोड घालतात हे दाखवून दिलं; कोड घातला म्हणजे पासवर्ड चोरला असं मात्र नव्हे. गूगलने तर २०१७पासूनच वेबव्ह्यूमधून आपल्या खात्यात लॉगइन करणं बंद करायला घेतलं होतं.

बरा मार्ग २०१५पासून आहे. क्रोमच्या 'कस्टम टॅब'मध्ये पान अ‍ॅपवरच तरंगतं, पण चालतं खऱ्या ब्राउझरमध्ये. लॉगइन तेच राहतं आणि अ‍ॅपला आत डोकावता येत नाही. तरीही कित्येक अ‍ॅप्स वेबव्ह्यूच वापरतात. माणूस बाहेर पडू नये, हा त्यांचा हिशेब. तो मला पटत नाही.

आईला मी वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाखवले. तिथे बहुतेक वेळा 'ब्राउझरमध्ये उघडा' असतं. मात्र ते फॉर्मचं पहिलं अक्षर लिहिण्याआधी दाबायचं, कारण तिकडे पान नव्याने उघडतं आणि इथे भरलेलं सोबत जात नाही.