माकडाचे तोंड आणि नऊ महिन्यांचे बाळ

वय वाढते तशी बाळाची चेहरे ओळखण्याची शक्ती वाढतच जाते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पहिल्या वर्षातच या शक्तीचा काही भाग गळून पडतो.

सुरुवात अगदी कच्ची असते. चार दिवसांचे बाळ परक्या बाईपेक्षा आईकडे जास्त वेळ पाहते, पण दोघींनी डोक्याला रुमाल बांधला की त्याला फरक कळेनासा होतो, असे ऑलिव्हिए पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. म्हणजे बाळाची ओळख नाकाडोळ्यांपेक्षा केस आणि कपाळ यांच्यामधल्या रेषेवर टिकून असते.

पास्कालिस यांचा २००२ चा प्रयोग मला अधिक विलक्षण वाटतो. बोलता न येणाऱ्या बाळाला प्रश्न कसा विचारणार? त्याला एक चेहरा पुरेसा वेळ दाखवायचा आणि मग तोच चेहरा एका नव्या चेहऱ्याशेजारी ठेवायचा. नव्याकडे ते जास्त वेळ पाहत राहिले, तर दोन्हींतला फरक त्याला कळला असे समजायचे. या कसोटीवर सहा महिन्यांच्या बाळांनी दोन माणसांतला फरक तर ओळखलाच, शिवाय दोन माकडांतलाही ओळखला. नऊ महिन्यांची बाळे आणि प्रौढ माणसे मात्र माकडांपाशी अडली. जे चेहरे रोज समोर येतात त्यांच्यातल्या बारकाव्यांवर मेंदू धार चढवतो आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

ध्वनींचेही असेच होते. इंग्रजी भाषक घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘ट’ आणि ‘त’ मधला फरक ऐकू येतो, पण वर्षाच्या आसपास तो हरवतो, हे जॅनेट वर्कर यांनी १९८४ मध्येच दाखवले होते. याच वयात पाहुण्यांनी उचलून घेताच बाळ भोकाड पसरते आणि घरातले लोक मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला धावतात. बाळाने बिचाऱ्याने परका चेहरा परका म्हणून ओळखलेला असतो, इतकेच.

ही गळती थांबवता येते का? सहा महिन्यांपासून माकडांची चित्रे नियमितपणे पाहिलेल्या बाळांनी नवव्या महिन्यातही माकडे वेगळी ओळखली, असे २००५ मध्ये दिसले. पुढे २००९ मध्ये लिसा स्कॉट आणि अलेक्झांड्रा मोनेसन यांनी त्यातला कळीचा भाग शोधला. ज्या बाळांना प्रत्येक माकड स्वतंत्र नावाने दाखवले गेले, त्यांचीच क्षमता टिकली. सगळ्यांना सरसकट ‘माकड’ म्हटलेले ऐकणाऱ्या किंवा नुसतीच चित्रे पाहणाऱ्या बाळांची टिकली नाही. ‘बुद्धिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रपत्त्या बाळापुढे भराभर पालटणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही. प्रत्येक तोंडाला वेगळे नाव असले, की हे तोंड त्या तोंडाहून कुठे निराळे आहे, हे शोधायला बाळाला काही कारण मिळते.