बचावपटू (मुलींचं लॅक्रॉस)

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्यात गोलपुढे उभं राहून समोरच्या टीमला नेम धरायला जागाच न देणारी खेळाडू म्हणजे बचावपटू, उर्फ डिफेंडर. नाशिकमध्ये हा शब्द जरा घोळ घालतो, कारण इथल्या पोरी खो-खोवर वाढलेल्या आणि खो-खोत बचाव म्हणजे पळत राहणं, हाताला न लागणं. लॅक्रॉसमध्ये नेमकं उलटं, समोरचीला चिकटून राहायचं आणि तरी अंगाने ढकलायचं नाही. कबड्डीतली पकड तर विसरूनच जा.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या हॉडिनोशोनी वगैरे आदिवासींचा. किती जुना यावर एकमत नाही, काहीजण साधारण बाराव्या शतकापर्यंत मागे नेतात, पण लेखी उल्लेख १६३० च्या दशकातला, ब्रेबफ या फ्रेंच जेझुइट मिशनऱ्याचा. त्याला ती काठी बिशपच्या दंडासारखी दिसली म्हणून 'लॅक्रॉस' नाव पडलं असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, पण वाकड्या काठीला फ्रेंचमध्ये आधीपासूनच 'क्रॉस' म्हणायचे, त्यामुळे हे साधं स्पष्टीकरणच जास्त पटतं. मुलींची शाखा स्कॉटलंडमधली. लुइसा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये कॅनडात मॅच बघितली आणि १८९० मध्ये त्यांच्या सेंट लिओनार्ड्स शाळेत मुली खेळल्या. त्याच शाळेत शिकलेल्या रोझबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत टीम उभी केली.

पुरुषांसारखी धडक मुलींच्या नियमांत नाही, म्हणून ताकदीपेक्षा पाय महत्त्वाचे. बॉल जिच्या जाळीत आहे तिच्यापासून गोलच्या वर्तुळाच्या दोन्ही कडांना मनातल्या मनात रेघा ओढा, ती शूटिंग स्पेस. बॉलवाली शूट करायच्या बेतात असताना, कुणालाही मार्क न करता (म्हणजे कुणा समोरचीला चिकटून न राहता) त्या पट्ट्यात उभं राहिलं की फाउल. गोलपुढच्या ८ मीटरच्या कमानीतही काठीच्या अंतरावर कुणी नसेल तर ३ सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळता येत नाही. म्हणजे गोलपुढे ठिय्या मारून बसणारी इथे चालतच नाही.

चांगली डिफेंडर बॉलकडे बघत नाही, समोरचीच्या कमरेकडे बघते, कारण काठी हूल देते, कंबर सहसा देत नाही. गुडघे वाकवून, पाय न अडकवता छोट्या छोट्या पावलांनी ती बाजूला सरकते आणि समोरचीला तिच्या कच्च्या हाताकडे, मैदानाच्या कडेला रेटत नेते, हात न लावता. काठीवर फटका शेवटी, तोही डोक्यापासून लांब. आणि तोंड चालू पाहिजे, 'मी बॉलवर', 'डावीकडून येतेय' वगैरे, शांत डिफेंडर फार काळ टिकत नाही.

जुन्या जागांची नावं पॉइंट, कव्हर पॉइंट आणि थर्ड मॅन (मुलींतही मॅनच, क्रिकेटवाल्यांनी गोंधळू नये). २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मात्र सिक्सेस प्रकार आहे, गोलकीपर धरून सहाजणी आणि शॉटसाठी फक्त ३० सेकंद, त्यामुळे तिथे नुसती डिफेंडर म्हणून कुणाला ठेवणं परवडत नाही.