डिझेल गळत नाही, मग गाडी एअर कुठून घेते?

जुन्या डिझेल पिकअपवाल्यांना हा प्रकार पाठ असतो. सकाळी सेल्फ मारला की गाडी लगेच चालू, मिनिटभर नीट चालते आणि मग गचके खात बंद, त्यानंतर बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारा, गाडी काय उठत नाही. मेकॅनिक येतो, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारतो, हवा मिसळलेल्या डिझेलचा फेस निघतो, गाडी चालू. म्हणजे गाडीने एअर घेतली होती, डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली होती. चार दिवसांनी परत तेच, आणि गाडीखाली वाकून बघितलं तर डिझेलचा डागसुद्धा नाही.

डाग नसतो कारण लिकेज उलट्या दिशेचं असतं. पंप डिझेल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो स्वतःच्या तोंडाशी फक्त दाब कमी करतो, ढकलायचं काम करते ती टाकीतल्या डिझेलवरची बाहेरची हवा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोच्या जोराने. म्हणजे टाकी ते पंप या लाइनमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे रबरी पाइपला बारीक चीर असली किंवा क्लिप सैल असली तर डिझेल बाहेर न येता हवाच आत शिरते. रसाच्या स्ट्रॉला भोक पडल्यावर रस सांडत नाही ना, तसंच. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा जाते आणि लाइनमधलं डिझेल खाली टाकीत उतरतं. सकाळचा तो एक मिनिट म्हणजे फिल्टरात आणि पंपात उरलेलं डिझेल, बाकी काही नाही.

एवढ्याशा बुडबुड्याने इंजिन का बंद पडावं? जुन्या मेकॅनिकल पंपाचा नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड, साधारण १२० ते २०० बारला उघडतो (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभ्या उभ्या चालू असताना, एका वेळी जाणारं डिझेल एका थेंबापेक्षाही कमी असतं. १५० बार दाबाने डिझेल जेमतेम १ टक्का आकसतं, हवा मात्र दीडशेपट लहान होते. पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो, नोझल उघडतच नाही.

शोधायला सुरुवात सायलेन्सरपासून करा. सेल्फ मारताना धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर येतोय पण चालू होत नाही, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही, मग हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) असलं बघायचं. पोचत नसेल तर फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा टाका, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. त्याहून खात्रीचं म्हणजे स्वच्छ डिझेलचा कॅन पंपाच्या वर टांगून थेट पंपाला जोडायचा (गरम इंजिनपासून लांब), गाडी मस्त चालली तर दोष मागे आहे, पंप निर्दोष. हे न करता आधी पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून सेटिंग करायला, पाठवणं मला तरी पटत नाही, तो खर्च सगळ्यात शेवटी.

मागे म्हणजे कुठे, तर पाइपची टोकं, फिल्टरचं रबर सील, आणि बोल्टखालचे तांब्याचे वायसर. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, परत नीट बसत नाही, म्हणून जुने मेकॅनिक ते लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात. चालतं, पण नवीन वायसर स्वस्त मिळतो की.

टाकीचं झाकण लोक विसरतात. त्याचं हवेचं भोक मातीने बुजलं की डिझेल कमी होईल तसा टाकीतला दाब घटतो, ढकलायला हवाच उरत नाही, गाडी चढावर दम टाकते आणि थोडा वेळ थांबली की परत चालते. अशा वेळी झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला तर चोर सापडला.

पावसाळ्यात पाणी वेगळंच. अर्धवट टाकीतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी तळाला बसतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर चक्क बुरशी, जिवाणू वाढतात, त्यांचा काळा चिकट गाळ फिल्टर चोक करतो. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू त्यासाठीच असतो.

आणि नोझलचे पाइप ढिले करून एअर काढायची पद्धत फक्त जुन्या मेकॅनिकल पंपासाठी आहे, कॉमन रेलवर (नव्या गाड्यांची कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल सिस्टीम) ती करू नका, तिथे दाब १००० बारच्या वर जातो आणि ती बारीक धार कातडी फोडून आत घुसते. तशी जखम दिसायला टाचणी टोचल्यासारखी असली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं.