दारासिंगांनी लू थेझचं वर्ल्ड टायटल घेतलं का? थोडा खुलासा

व्हॉट्सॲपवर दर काही दिवसांनी तोच मेसेज फिरत येतो, की १९६८ मध्ये मुंबईत दारासिंगांनी वर्ल्ड चॅम्पियन असलेल्या अमेरिकन पैलवान लू थेझला हरवलं आणि जगज्जेते झाले, शिवाय आयुष्यात एकही कुस्ती हरले नाहीत. मॅच झाली हे खरं, २९ मे १९६८, आणि जिंकले दारासिंगच. पण थेझ तेव्हा चॅम्पियन होता कुठे? त्याचा एनडब्ल्यूएचा (नॅशनल रेसलिंग अलायन्स, कुस्त्या भरवणाऱ्या प्रमोटरांची अमेरिकेतली संघटना) चॅम्पियनचा पट्टा जानेवारी १९६६ लाच सेंट लुईसमध्ये जीन किनिस्कीने काढून घेतला होता, आणि तो किनिस्कीकडे १९६९ च्या फेब्रुवारीपर्यंत राहिला. म्हणजे मुंबईत थेझ आला तो माजी चॅम्पियन म्हणून, वय ५२, समोर ३९ चे दारासिंग. त्यात त्या काळी अमेरिकेतच वेगवेगळ्या संघटनांचे एकाच वेळी दोन-तीन वर्ल्ड चॅम्पियन असायचे, सॅमार्टिनो एकीकडे, व्हर्न गॅन्य दुसरीकडे, त्यामुळे पोस्टरवर 'वर्ल्ड' छापायला प्रमोटरला कोण अडवणार!

आणि 'एकही हरले नाहीत'चं म्हणाल तर ही प्रो रेसलिंग होती राव, निकाल आधी ठरलेला असायचा, 'किंग काँग' नावाने खेळणाऱ्या धिप्पाड पैलवानाबरोबरच्या गाजलेल्या लढतीसुद्धा त्याच धंद्यातल्या, तिथे अपराजित राहणं म्हणजे प्रमोटरला तुम्ही जिंकलेले हवे असणं. म्हणून माणूस नकली होता असं अजिबात नाही हं, आखाड्यात घडलेलं शरीर होतं ते, आणि खुद्द थेझने नंतर त्यांना अस्सल पैलवान म्हटलंय.